बाराचा भोंगा आणि जिमी

माझ्या लहानपणातला एक अख्खा पावसाळा मी उताणी पडून ऐकला. ऐकला असंच म्हणते, कारण बघायला डोक्यावरच्या पत्र्याखेरीज फारसं काही नव्हतं. छातीपासून डाव्या पायाच्या घोट्यापर्यंत प्लास्टर होतं, आणि ते चढवताना डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की आता तू पुतळा आहेस, पुतळ्याने हलायचं नसतं. मला तेव्हा त्यात मोठी गंमत वाटली. दोन दिवसांनी पाठीला प्लास्टरच्या आत खाज सुटली तेव्हा गंमत संपली. लोणावळ्याच्या गावाबाहेरचं ते लहानसं धर्मादाय इस्पितळ होतं, त्यातला मुलांचा वॉर्ड म्हणजे एक लांबलचक खोली आणि तिच्या पुढे तेवढाच लांब व्हरांडा. ऊन पडलं की आमच्या खाटा व्हरांड्यात ढकलत, पाऊस आला की आत ओढत. खाटांच्या चाकांना तेल घालायचं कुणाच्या मनात कधी आलं नाही, त्यामुळे ऊन आणि पाऊस मला आधी चाकांच्या कुरकुरीवरून कळायचे.

आमचं घर कुरवंड्याला. भाताची थोडी खाचरं, दोन बैल, एक म्हैस, आई, आबा, आजा, माझ्या पाठचा तान्हा भाऊ आणि मोत्या नावाचा कुत्रा. आई चुलीपुढे बसून नाचणीच्या भाकऱ्या थापायची. शेवटी काठवटीला चिकटलेलं पीठ निपटून एक बारकी भाकरी व्हायची, ती मोत्याची. ती त्याला मीच टाकायची, उंबऱ्यावर उभी राहून, आणि तो ती हवेतच झेलायचा. पुढे मी लंगडायला लागले. आधी सगळ्यांना वाटलं की बांधावरून पडले असेन, मग तेल झालं, शेक झाला, कुणाकुणाचे अंगारे झाले, आणि शेवटी आबांनी गाडी जुंपून मला लोणावळ्याला आणलं. हाडाचा क्षय, डॉक्टर म्हणाले. आबांना त्यातला क्षय तेवढा कळला आणि त्यांचा चेहरा उतरला. 'बरी होईल,' डॉक्टर म्हणाले, 'पण हलवायची नाही. दिवाळीनंतर बघू.' मी नऊ वर्षांची होते. दिवाळी म्हणजे लावणी, बेणणी, भात पोटरीत येणं, कापणी, हे सगळं ओलांडून पलीकडे, एवढं मला शेतकऱ्याच्या पोरीला बरोबर कळलं.

भेटायला फक्त रविवारी सोडत. पहिले काही रविवार आबा आले, मग लावणी सुरू झाली आणि ते बंद झालं. आई तान्ह्याला घेऊन ओढे ओलांडून येणार कशी? मी रागावले नाही. घरचं मला माहीत होतं, आणि हेच वाईट होतं. आत्ता आई दाढेच्या वाफ्यातून भाताची रोपं उपटत असेल, आत्ता भाऊ झोळीत रडत असेल, हे मला पडल्यापडल्या दिसायचं आणि त्या चित्रात माझी जागा कुठेच रिकामी पडलेली नसायची. ते माझ्यावाचून नीट चाललं होतं. एवढं एकटं मला पुढे आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं, आणि मी काही कमी एकटी राहिलेली बाई नाही. सकाळी डबलरोटी आणि दूध, दुपारी पातळ वरण-भात. भात आमच्या आंबेमोहराचा नसायचा. त्याला वासच नव्हता. आमच्या गावातला पांडूकाका रोज लोणावळ्यात दूध घालायला यायचा. तो आठवड्यातून एकदा आईने बांधून दिलेलं फडकं मेट्रनच्या हातात देऊन जायचा. त्यात भाकऱ्या, लसणाची चटणी, कधी सुकट. मी खायच्या आधी बराच वेळ त्या फडक्याचा वास घेत पडायची. त्याला आमच्या चुलीच्या धुराचा वास असे.

माझ्या शेजारच्या खाटेवर कुसगावची शेवंता होती. चार-पाच वर्षांची असेल. तिच्या मांडीला मोठी जखम होती आणि एक दिवसाआड तिची पट्टी बदलत. ट्रॉली यायची तिला आवाज होता, वाट्या एकमेकींवर आपटण्याचा. तो आवाज दाराशी आला की शेवंता ओरडायला लागायची. तिने ओरडायला सुरुवात केली की बाकीची पोरंही रडायची, कारण पुढची पाळी आपली असेल असं प्रत्येकाला वाटायचं. वॉर्डातली मावशी गंगूबाई, भुशीची, ती शेवंताचे हात धरायची. 'आगं झालं, झालं माजी बाय,' असं म्हणायची आणि स्वतःच डोळे पुसायची. मेट्रन साळवेबाई कडक होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज आला की आम्ही झोपेचं सोंग घ्यायचो. पण शेवंताची पट्टी झाली की त्याही व्हरांड्याच्या टोकाला जाऊन थोडा वेळ पाठमोऱ्या उभ्या राहायच्या.

व्हरांड्यासमोर रस्त्यापलीकडे एक बंगला होता. त्यात पिरोजाबाई नावाच्या पारशी बाई एकट्या राहायच्या. नवरा गेलेला, मुलं परदेशात. त्या जुनी चित्रांची मासिकं घेऊन सकाळी वॉर्डात यायच्या आणि आमच्या खाटांवर वाटायच्या. त्यांचा कुत्रा जिमी फाटकात बसून राहायचा. एका सकाळी तो फाटकात बसला नाही. ट्रॉली येत होती, शेवंता ओरडत होती, आणि हा थोराड, तपकिरी-पांढरा, एक कान फाटलेला कुत्रा ओल्या पायांनी वॉर्डात शिरला आणि सरळ तिच्या खाटेखाली जाऊन बसला. त्यालाही तो आवाज सहन झाला नसावा. मग त्याने खाटेच्या कडेवर हनुवटी टेकवली. शेवंता गप्प झाली. तिने हात पुढे करून त्याचा फाटका कान धरला.

'बाहेर काढा त्याला!' साळवेबाई दारातूनच म्हणाल्या.

पिरोजाबाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. 'जिमी! चल दीकरा, बाहेर चल. माफ करा हां मेट्रन, तो कधी असा करते नाही.'

'आयकलं का, मेट्रनबाई,' गंगूमावशी हळूच म्हणाली, 'पोरगी रडायची थांबलीया.'

साळवेबाईंनी शेवंताकडे पाहिलं, ट्रॉलीकडे पाहिलं. मग त्यांनी पट्टी सोडायला घेतली. शेवंता कण्हली, दोनदा 'आई गं' म्हणाली, कान मात्र सोडला नाही. आणि कान एवढा पिरगाळला जात असताना जिमीही जागचा हलला नाही. पट्टी झाल्यावर साळवेबाई म्हणाल्या, 'उद्यापासून पाय पुसून आणायचा. आणि ऑपरेशनच्या खोलीकडे दिसला तर मला चालणार नाही.' बस्स, एवढंच. माझी नात आता पुण्यात मुलांच्या इस्पितळात नोकरी करते. ती मला सांगते की हल्ली शिकवलेले कुत्रे मुद्दाम आणतात आजारी मुलांजवळ, त्यांना अंगरखा असतो, गळ्यात चिठ्ठी असते. मी तिला जिमीचं सांगितलं तर म्हणाली, 'आजी, त्याला लस टोचली होती का?' ते मला माहीत नाही. त्याचे पाय मात्र गंगूमावशी रोज पुसायची, आणि पुसताना त्याला शिव्या द्यायची.

मी लाडीगोडी करणारी मुलगी नव्हते. जिमी माझ्याकडेही यायचा, पण मला लोकांदेखत त्याच्याशी बोलायची लाज वाटायची. दुपारी सगळे झोपले की मी त्याला मनातल्या मनात घरचं सांगायची: मोत्या असा आहे, तू त्याच्यापुढे म्हातारा आहेस, आमच्याकडे खेकडे धरताना तुझी काय धांदल उडेल. मनातच, कारण दुपारी तो तिथे नसायचाच. जेवायच्या आधी पिरोजाबाई त्याला घेऊन जात. मी पांडूकाकाकडून घरी निरोप धाडला की इथे पण एक कुत्रा आहे. पुढच्या फडक्यात माझ्या भाकऱ्यांवर एक बारकी भाकरी होती. आई काही बोलली नव्हती, नुसती काठवट निपटली होती. ती भाकरी मी जिमीला दिली तेव्हा मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. त्यानंतर दर खेपेला बारकी भाकरी यायची.

आता भोंग्याचं सांगते. स्टेशनाकडे रोज बारा वाजता भोंगा व्हायचा. शहरातल्या लोकांना तो ऐकूच येत नसे, इतका अंगवळणी पडलेला. मला व्हरांड्यात मान एका बाजूला करून पडल्यावर कठड्याच्या गजांतून फक्त बंगल्याचं फाटक दिसायचं. दुसरं बघण्यासारखं जगात काही नव्हतं. म्हणून मला माहीत होतं की भोंगा सुरू झाला की जिमी फाटकात येतो, पुढचे पाय ताणतो, तोंड आभाळाकडे करतो आणि गळा काढतो. भोंगा संपला की हाही थांबतो आणि जेवायला आत जातो. हे एवढं लांबून, पावसाच्या आवाजात, मला तरी अर्धं दिसायचं आणि अर्धं ऐकू यायचं. यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

एका रविवारी मुसळधार पाऊस होता. खाटा आत, आईबाप भेटायला आलेले, वॉर्डात बाजारासारखी गर्दी. शेवंताकडे कुणी आलं नव्हतं, माझ्याकडेही नाही. तिने जिमीचा कान सोडलाच नाही, म्हणून पिरोजाबाई म्हणाल्या, 'असू दे बिचारीला, थोडा बसू दे.' असे बारा वाजले; पावसात भोंगा कुणाला ऐकू आला नाही. जिमी माझ्या आणि शेवंताच्या खाटेच्या मधे उभा राहिला, त्याने तोंड वर केलं, आणि पत्र्यावरच्या पावसालाही दाबून टाकील असा लांब हेल काढला. सगळा वॉर्ड चूप झाला. मग बाया एकदम उठल्या. कुत्र्याला यम दिसतो, तो रडला की त्या घरातलं माणूस जातं, हे आमच्या मावळात कुणाला शिकवावं लागत नाही. गंगूमावशीच्या हातातलं पाण्याचं भांडं पडलं. 'आगं आयाबायांनो, पोरींच्या उशाशी रडलं की गं!' ती म्हणाली. जो तो आपापल्या पोराला छातीशी धरायला लागला. संध्याकाळच्या आत दोन मुलांना त्यांच्या आईबापांनी उचलून घरी नेलं. साळवेबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या, कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून जिमी बंद. 'माझा विश्वास नाही,' साळवेबाई पिरोजाबाईंना म्हणाल्या, 'पण वॉर्ड रिकामा झाला तर मी काय करू?' पिरोजाबाई मान खाली घालून गेल्या. ट्रॉली आली, शेवंता ओरडली, आणि या खेपेला ती ओरडता ओरडता जिमीला हाका मारत होती. माझ्याकडे कुणीच सरळ बघत नव्हतं. गंगूमावशी माझं अंग पुसताना उगाच गोंजारायची. मला कळलं की सगळे माझ्या मरणाची वाट बघतायत. कुत्रा भोंग्याला रडतो हे मला पक्कं माहीत होतं, तरी मला भीती वाटली, आणि मोठ्यांना ते सांगायचं धाडस झालं नाही. पांडूकाकाने फडकं आणलं. त्यात चार मोठ्या भाकऱ्या होत्या. बारकी नव्हती. म्हणजे बातमी कुरवंड्याला पोचली होती.

त्याच आठवड्यात, भर लावणीत, रविवार नसताना आबा आले. उन्हाची तिरीप होती, मी व्हरांड्यात होते. इस्पितळाच्या मागच्या अंगाला गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि बैलांच्या घुंगरांवरून मी ओळखलं की हे आमचे बैल. आबांच्या पोटऱ्यांना चिखल तसाच होता. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, 'चल सुले. गाडीत पेंढा घातलाय, आयनं गोधडी दिलीया. घरी जाऊ.'

घरी! नुसता तो शब्द ऐकून माझ्या प्लास्टरच्या आत काहीतरी उड्या मारायला लागलं. साळवेबाई धावत आल्या.

'अहो, कुठे नेता? हाड आता कुठे धरायला लागलंय. गाडीत हादरे बसले तर पाय आखडेल. जन्मभर फरफटत चालेल मुलगी.'

'पाय लंगडा ऱ्हायला तरी चालंल बाई,' आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. 'मला पोर जित्ती पायजे.'

'तुम्ही त्या कुत्र्याच्या रडण्यावर...'

'तुमाला न्हाई कळायचं. माजा थोरला भाऊ गेला तवा तीन दिस कुत्रं रडत हुतं दारात. मी डोळ्यांनी बघितलंय.' मग ते समोरच्या बंगल्याकडे बघून म्हणाले, 'त्ये कुत्रं त्यांचं न्हवं? त्याला आधी घालवा हितनं.'

एवढ्यात आतून वाट्यांचा आवाज आला, आणि पाठोपाठ पट्टीसाठी आत ठेवलेल्या शेवंताचा. जिमी, ए जिमी, जिमी. आबा दचकले. 'कोन वरडतंय?' त्यांनी विचारलं. मी त्यांना सांगितलं. आणि सांगता सांगताच तोंडातून निघून गेलं, 'आबा, त्यो भोंग्याला रडतो. माज्यासाठी न्हाई रडला. रोज रडतो. मी रोज बघतीया हितनं.'

आबा माझ्याकडे बघत राहिले. साळवेबाईंनी घड्याळ पाहिलं. 'बाराला थोडाच वेळ आहे,' त्या म्हणाल्या. 'बसा. कुत्र्याला इथेच आणायला सांगते. स्वतःच्या कानांनी ऐका, मग न्यायची तर न्या.'

आबांनी एकदा गाडीच्या दिशेला पाहिलं. मग खाली बसले. 'आयकू द्या,' म्हणाले.

पिरोजाबाई जिमीला घेऊन आल्या. तो माझ्या खाटेवर हनुवटी टेकवून उभा राहिला, इतक्या दिवसांनी भेटल्यामुळे शेपूट हलवत. गंगूमावशी खांबाआड उभी, साळवेबाई ताठ, आबा उकिडवे. सगळे भोंग्याची वाट बघत होते. तेव्हा कुठे मला माझ्या बोलण्याचा अर्थ कळला. जिमी रडला नाही तर मी घरी जाणार होते. पेंढ्यावर, आईच्या गोधडीवर, आमच्या बैलांच्या मागे. रडला तर इथेच. मी जिमीच्या डोळ्यांत बघत होते आणि मनातल्या मनात त्याला विनवत होते, आज गप बस, एकदाच गप बस, मी तुला रोज भाकरी देईन. भोंगा सुरू झाला. जिमीने शेपूट हलवणं थांबवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, जीभ आत घेतली. मला वाटलं, ऐकलं त्याने माझं. मग त्याने पुढचे पाय ताणले, तोंड वर केलं आणि गळा काढला.

भोंगा वाजेपर्यंत तो रडला आणि भोंगा थांबला तसा थांबला. आत शेवंताने त्याचा आवाज ऐकून तसाच हेल काढला, मग दुसऱ्या पोरांनी, आणि सगळा वॉर्ड कोल्ह्यांसारखा ओरडायला लागला. आबांनी टोपी काढली आणि ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि हसू संपल्यावरही पाणी येतच राहिलं. टोपीनेच तोंड पुसून ते माझ्याजवळ वाकले.

'मग, ऱ्हातीस का?' त्यांनी विचारलं.

आमच्या घरात पोरीला असं कुणी विचारत नसे. मला 'नाही' म्हणता आलं असतं. आजही मला वाटतं की त्या वेळी मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी मला नेलं असतं.

'व्हय,' मी म्हणाले.

ते मागे गेले आणि गाडीतली गोधडी घेऊन आले. प्लास्टरवरून ती नीट पांघरता येईना, तरी त्यांनी पांघरली. जिमीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, भीत भीतच. 'येतो गं,' म्हणाले आणि वळले. कुरवंड्याचा रस्ता इमारतीमागून जायचा आणि मी पुतळा होते. मला गाडी दिसली नाही, फक्त घुंगरं ऐकू आली. मोकळ्या गाडीचा आवाज वेगळा असतो, ती खडखडते. तो खडखडाट कमी कमी होत गेला आणि मग चाकांऐवजी पावसाचे थेंब ऐकू यायला लागले. तेव्हा मी रडले. पाण्याने कानात डबकी झाली, कारण उताणं पडून रडलं की पाणी कानात जातं. आतून ट्रॉली बाहेर आली. पिरोजाबाई जिमीला आत घेऊन गेल्या, आणि शेवंताचा आवाज बंद झाला. पुढच्या फडक्यात बारकी भाकरी होती.

दिवाळीनंतर प्लास्टर निघालं आणि पुढच्या उन्हाळ्यात मी कुरवंड्याला माझ्या पायांनी घरात शिरले. पाय किंचित लहान राहिला, पण त्याने मला कुठे अडवलं नाही. जिमी त्याच्या पुढच्या वर्षी गेला, असं गंगूमावशीने कळवलं. कोण रडलं ते तिने सांगितलं नाही.

आबा फार म्हातारे झाल्यावर एकदा ओसरीवर बसले होते आणि मी त्यांना चहा देत होते. इतकी वर्षं मनात राहिलेलं मी विचारून टाकलं. म्हटलं, 'आबा, त्या दिवशी इस्पितळातून निघालात, तेव्हा एकदा तरी मागं वळून बघितलं होतं का?'

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, प्याले. मला वाटलं, त्यांना आठवतच नसावं.

'न्हाई,' ते म्हणाले. 'मागं बघितलं आसतं, तर तुला उचलून आनली आसती.'